सांबरं पलीकडे गेली

टकर्स क्रीक,
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय ॲग्नेसबाय हिस,
धाकट्या आल्फ्रेडचा स. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. बहीणभाऊ अजून पोस्टाने पत्रं पाठवतात हे वेस्ली ऑफिसात सांगतो तेव्हा कुणाचा विश्वास बसत नाही म्हणे. तुझ्या लेकाला सांग, तुझ्या आईला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि मामाला रेंज मिळायला कुंपणावर चढावं लागतं. या वयात कुंपणावर चढून तब्येतीची चौकशी करण्यापेक्षा तिकीट चिकटवलेलं बरं.

तू विचारलंस, रोझलिनशिवाय त्या रानात अजून करमतं का. पॅरामॅटाची नोकरी संपली की इथे यायचं असं आम्ही नवराबायकोंनी ठरवलं होतं आणि ती गेल्यावर आलो मी एकटा. पहिलं वर्ष कसं गेलं ते तुला ठाऊक आहे. शेजारचा डेस नसता तर मी केव्हाच बाडबिस्तरा घेऊन तुझ्या दारात उभा राहिलो असतो. पंचाहत्तरीला टेकलेला मेंढ्यावाला माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याने मला रायफल धरायला शिकवली, पण खरं तर जमीन बघायला शिकवलं. वारा कुठून येतोय, खुराचा ठसा ताजा की कालचा, लेंडी दवाने ओली की मुळातच ओली. दर शनिवारी आम्ही दोघं डोंगराच्या पायथ्याला फिरतो. बोलतो फार थोडं. रोझलिन असती तर म्हणाली असती, दोन मुके एकमेकांना बरे भेटले.

यंदा मात्र इथे काहीतरी बिनसलंय. डेसच्या कुरणातून एक ओढा वाहतो, तो जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यात आटला. त्याच्या वडिलांच्या वेळच्या मोठ्या दुष्काळातसुद्धा या ओढ्याला बोटभर धार होती, असं डेस सांगतो. यंदा तर पाऊसही बरा झालाय. दुसरं म्हणजे सांबरं दिसेनाशी झालीत. हो, सांबरंच, आपल्या वसईच्या डोंगरातली. गोऱ्या साहेबाने दीडशे वर्षांपूर्वी शिकारीच्या हौसेपायी ती जहाजातून इकडे आणून सोडली, आणि ती डोंगर चढत चढत आमच्यापर्यंत पोचली. नाताळात वेस्लीबरोबर पाठवलेलं मांस तेच होतं. नाव कळलं असतं तर तू घास घेतला नसतास, म्हणून नुसतं हरीण म्हणालो. आता रागावून काय उपयोग, तू दोनदा वाढून घेतलंस असं कळलंय.

आमच्या शिकारी क्लबचा अध्यक्ष ग्रॅहम म्हणतो की जनावर संपत आलं. सगळे मान डोलावतात, कारण या मोसमात कुणालाच भिंतीवर लावण्याजोगी शिंगं मिळाली नाहीत. मला पटत नाही. खाली ठसे थोडे आहेत, पण जे आहेत ते बारीक खुरांचे आहेत आणि सगळे वर जातायत. खाली उतरणारा एकही नाही. डेसला हे दाखवलं, तर तो बराच वेळ बघत राहिला आणि मेंढ्यांना पाणी कुठून आणायचं या विषयावर गेला.

गुडघ्याला तेल लावतेस की नाही ते कळव. माया आहेच, ती पत्राच्या वजनावर मोजू नकोस.

तुझा,
आल्फ्रेड


क्वेकर्स हिल,
१८ फेब्रुवारी २०२४

चि. आल्फ्रेड यास,
बायचे अ. आ. वि. वि.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. मला न सांगता सांबर खाऊ घातलंस. आपल्या पप्पांनी शिकार केली तेव्हा मी त्यांच्या हातून ससे खाल्ले, रानडुक्कर खाल्लं, पण सांबर त्यांनी कधी मारलं नाही हे तुला आठवत नसेल, तू तेव्हा फार लहान होतास. मी मात्र एक पाहिलंय. तुंगारेश्वरच्या वाटेवर पप्पांनी मला थांबवलं आणि खांद्यावर उचलून घेतलं. झाडीत ते उभं होतं, गाईएवढं, ओल्या मातीच्या रंगाचं. कान हलत होते म्हणून कळलं की ते झाड नाही. इतक्या लांब येऊन त्याच जनावराचं कालवण मी दोनदा वाढून घेतलं, ही माझ्या जिभेला शिक्षा समजते.

कॅसँड्राला हे सांगितलं. ती युनिव्हर्सिटीत जायला लागल्यापासून मांस खात नाही, त्यामुळे तिच्या नानाची, म्हणजे या आजीची, फजिती झाल्याचा तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती फक्त म्हणाली की इट्स कॉम्प्लिकेटेड, नाना. हा शब्द ती आजकाल सगळ्यालाच लावते, परवा माझ्या भरल्या वांग्यालासुद्धा लावला. मग तिने मला समजावलं की तुमच्या तिकडे सांबर हे उपद्रवी जनावर धरतात. मी म्हटलं, तेही आपल्यासारखंच बाहेरून आलं आणि रुजलं, त्यात त्याचा काय दोष.

पण ग्रॅहमचं म्हणणं वाचून मला वेगळंच आठवलं. पप्पांची शिकारीची टोळी होती, पास्कोलकाका वगैरे. ईस्टर झाला की सगळे डोंगरात जायचे. मी शाळेत असताना हळूहळू ते रिकाम्या हाताने यायला लागले. घरी येऊन पायऱ्यांवर बसायचे आणि म्हणायचे, जनावर पलीकडे गेलंय, भिवंडीच्या बाजूला. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शेवटी पप्पा एकटेच डोंगर ओलांडून पलीकडे गेले. तिथे त्यांना भिवंडीकडचे शिकारी भेटले. ते एका झाडाखाली बसून बिड्या ओढत होते. त्यांनी पप्पांना सांगितलं की जनावर तुमच्या बाजूला गेलंय. पप्पा परत आले आणि आईला एवढंच म्हणाले की दोन्ही बाजू बघून आलो. त्यानंतर बंदूक खोलीतून बाहेर आली ती फक्त तेल लावायला. शिकारबंदीचा कायदा पुढे कधीतरी आला.

तुमच्याकडे उलटं चाललेलं दिसतं. तुमचे लोक म्हणतात संपलं, आणि तुला वाटतं की ते कुठेतरी गेलंय. खाली बसून हे ठरायचं नाही. पण एकटा वर जाऊ नकोस, पाय मुरगळला तर फोन लावायला कुंपण कुठून आणणार आहेस.

वेस्लीचा नमस्कार. तेल रोज लावते, तू उन्हात टोपी घाल. रुसलेय, पण माया कमी केलेली नाही.

तुझी बाय,
ॲग्नेस


टकर्स क्रीक,
१० मार्च २०२४

प्रिय बायस,
आल्फ्रेडचा स. न. वि. वि.

पप्पांची ती गोष्ट मला कधीच कुणी सांगितली नव्हती. ते बंदुकीला तेल लावायचे एवढं आठवतं. मला वाटायचं, ते शिकारीची तयारी करतायत.

तुझं न ऐकता एकटाच वर गेलो. डेसला विचारलं होतं, पण त्याचा गुडघा तुझ्यापेक्षा वाईट आहे. आणि गुडघा चांगला असता तरी तो आला असता की नाही, मला सांगता येत नाही. सकाळी निघालो, दुपारच्या आत माथ्यावर पोचलो. वर एक मोठी सपाटी आहे, दोन टेकड्यांच्या मधे. डेस तिच्याबद्दल नेहमी सांगतो. तिथे जमीन नाही, शेवाळ आहे, गुडघाभर जाडीचं, पाण्याने गच्च भरलेलं. हिवाळ्याचं पाणी ते पोटात धरतं आणि उन्हाळाभर थोडं थोडं सोडतं. डेसचा ओढा तिथूनच निघतो. लहानपणी त्याचे वडील त्याला सांगायचे की इथे पाय टाकताना देवळात टाकतो तसा टाक.

बाय, डेसने सांगितलेली ती सपाटी मला तिथे ओळखूच आली नाही. शेवाळाच्या जागी काळे खड्डे आहेत, म्हशींनी लोळून केलेत असं वाटावं असे. सांबराला चिखलात लोळायला लागतं. एका खड्ड्यापासून दुसऱ्याकडे खुरांनी वाटा पडल्यात, आणि त्या वाटा इतक्या खोल गेल्यात की त्यांचे पाट झालेत. वसंतातलं सगळं पाणी त्या पाटांतून एकदम निघून गेलं असणार. कडेच्या झाडांच्या साली माझ्या छातीइतक्या उंचीपर्यंत सोललेल्या आहेत. पूर्वी इथे बारक्या बेडकांचा गलबला असायचा, असं डेस म्हणायचा. मी बराच वेळ बसलो. एक ऐकू आला, तोही लांब.

मग वारा फिरला आणि पलीकडच्या उतारावरून जनावरं खाली आली. मी एका खडकाआड होतो. जवळजवळ सगळ्या माद्या होत्या, बहुतेकींबरोबर पिल्लं. मी मोजायचं सोडून दिलं. आमच्या पंचक्रोशीतलं सगळं सांबर तिथे जमलं होतं. नर एकच, कोवळ्या शिंगांचा. आम्ही शिंगांसाठी नर मारतो, मादीला हात लावत नाही आणि त्याला सभ्यपणा म्हणतो. नर दिसेनासे झाले तेव्हा आम्ही समजलो की जनावर संपलं. ते संपलं नव्हतं. आम्ही जिथे जायचा कंटाळा करतो तिथे ते वाढत होतं.

रायफल माझ्याजवळ होती. मी ती खडकाला टेकवूनच ठेवली. एवढी सांबरं एकत्र पाहिल्यावर मला आधी आनंदच झाला, हे तुला लिहायला हरकत नाही. तुझं सांबर आठवलं. ती इतकी शांतपणे चरत होती आणि ज्यावर उभी होती ते त्यांच्याच पायांखाली संपत होतं.

खाली येऊन डेसला सांगितलं. फोनमधले फोटो त्याच्यापुढे धरले, तर त्याने चष्मा नाही असं सांगितलं. चष्मा त्याच्या खिशात होता. पुढच्या महिन्यात सरकारी खात्याची माणसं गावच्या हॉलमध्ये येणार आहेत. हेलिकॉप्टरमधून सांबरं मारायची का, हे त्यांना ठरवायचंय, आणि रानात फिरणाऱ्या शिकाऱ्यांना विचारल्याशिवाय ठरवणार नाहीत. ग्रॅहमने सगळ्यांना बजावलंय की एका सुरात सांगायचं, जनावर कमी झालंय, हेलिकॉप्टरची गरज नाही. वरून मारलेलं जनावर तिथेच कुजतं, उचलायलाही कुणी जात नाही. ते कुणालाच नको, मलाही नको. डेसने मला एवढंच विचारलं की तू क्लबबरोबर आहेस ना. मी घरी येऊन तुला लिहायला बसलो.

तू काय म्हणतेस ते लवकर लिही. कान ओढायचे असतील तर तेही चालेल, पण आधी सल्ला.

तुझा,
आल्फ्रेड


क्वेकर्स हिल,
२४ मार्च २०२४

चि. आल्फ्रेड यास,
अ. आ. वि. वि.

आज पाम संडे. झावळीचा क्रूस करून देवघराजवळ लावला आणि तुला लिहायला बसले. तुझं पत्र आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरतेय. शेजारची नुपूर मला हॅरिस पार्कला सामान आणायला घेऊन गेली, तिथे तांदळाच्या रांगेतही तेच डोक्यात.

सल्ला मागतोस तर आधी भीती सांगते. तू बोललास तर एकटा पडशील. या वयात नवे मित्र मिळत नाहीत, औषधाच्या दुकानातले ओळखीचे लोक मिळतात. रोझलिन गेल्यावर तुला जेवायला लावणारा डेस होता, मी नव्हते. मी इथे बसून सांत्वन लिहीत होते. त्याला दुखवून तू त्या डोंगरात कसा राहशील, याचा विचार मला झोपू देत नाही.

दुसरी गोष्ट. ती जनावरं मरतील, आणि ती मरावीत असं माझ्या हाताने लिहवत नाही. परदेशातून आलेलं म्हणून मारायचं, हे मला पटत नाही. तू म्हणशील, आपण व्हिसा काढून आलो, सांबराने काढला नव्हता. वेस्लीही तेच म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही.

पण तुला कुणी आपणहून जा आणि सांग असं म्हणत नाहीये. तुला विचारणार आहेत. कुणी विचारलं नाही तर गप्प बसणं मला समजतं, संसारात मी तसं पुष्कळ बसलेय. समोर उभं राहून विचारल्यावर डोळ्यांनी पाहिलेलं नाही म्हणायचं, ते वेगळं. पप्पा पलीकडे जाऊन आले आणि फक्त आईला सांगितलं. पास्कोलकाकांना सांगितलं नाही, ती सगळी मंडळी पुढेही वर्षानुवर्षं डोंगरात जात राहिली. पप्पांनी सांगितलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, मला माहीत नाही. बहुधा नसतं झालं. तरी अलीकडे मला वाटतं, सांगायला हवं होतं.

यापुढे मी काही म्हणणार नाही. जे करशील ते आधी डेसला सांगून कर. हॉलमध्ये सगळ्यांबरोबर त्याला कळू देऊ नकोस.

ईस्टरला तुझ्या नावाने मेणबत्ती लावते. माझ्या आशीर्वादावर भरवसा ठेव, सल्ल्यावर तितका नको.

तुझी बाय,
ॲग्नेस


टकर्स क्रीक,
२१ एप्रिल २०२४

प्रिय बायस,
आल्फ्रेडचा स. न. वि. वि.

झालं एकदाचं. क्रमाने सांगतो.

तू सांगितल्याप्रमाणे सभेच्या दिवशी सकाळी डेसकडे गेलो. तो कुत्र्याच्या पायातला काटा काढत होता. मी त्याला म्हटलं की मला विचारलं तर मी वर पाहिलं ते सांगणार आहे, आणि हे त्याला माझ्याकडून आधी कळावं म्हणून आलोय. त्याने काटा काढला, कुत्र्याला सोडलं आणि म्हणाला की यूटने मिळूनच जाऊ, पेट्रोल कशाला दोघांचं जाळायचं. यूट म्हणजे त्याची ती मागे उघडी असलेली गाडी. वाटेत त्याने रेडिओवर मेंढ्यांचे भाव लावले. मी बऱ्याच दिवसांत इतका लांबचा रस्ता पाहिला नव्हता, आणि हॉल तर जवळच आहे.

खात्याकडून एक बाई आली होती, तरुण, नीट ऐकून घेणारी. तिने प्रत्येकाला एकच विचारलं, गेल्या काही वर्षांत तुम्हाला काय वेगळं दिसलं. ग्रॅहम म्हणाला कमी झालीत. बाकीचे तेच म्हणाले. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही, त्यांनी जिथे पाहिलं तिथे खरंच कमी होती. डेसची पाळी आली तेव्हा तो म्हणाला की गुडघ्यामुळे तो वर जात नाही, त्यामुळे त्याला सांगता येणार नाही. ते ऐकून ग्रॅहमने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

मग मी उभा राहिलो. ऑफिसात एवढी प्रेझेंटेशनं दिली, पण त्या दिवशी पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं. सपाटी पूर्वी कशी होती म्हणतात आणि आता कशी झाली ते सांगितलं. माद्या सांगितल्या, पिल्लं सांगितली, पाण्याचे पाट सांगितले. आपण शिंगं मोजतो आणि त्याला जनावर मोजणं म्हणतो, असंही म्हणालो. फोटो मागाहून मागितले, तेव्हा दाखवले. हेलिकॉप्टर आणा असं मी म्हणालो नाही. तिने सरळ विचारलं की शिकाऱ्यांना हे आवरता येईल का. मी म्हटलं, आलं असतं, माद्या मारल्या असत्या तर. आता एवढ्यांना आम्ही पुरे पडणार नाही.

ग्रॅहम उठला. आवाज न चढवता म्हणाला की याने या डोंगरात चार पावसाळे काढलेत आणि ज्यांचे आजोबा इथे पुरलेत त्यांना हा माणूस डोंगर शिकवतोय. पुढे म्हणाला, आल्फ आणि ते जनावर एकाच गावचे, तरी बघा कसा उलटला. काही जण हसले. हे वाक्य गेली काही वर्षं क्लबमध्ये थट्टेने म्हटलं जायचं, मीच पहिल्यांदा म्हटलं होतं. त्या दिवशी ते थट्टेचं राहिलं नाही. मी म्हटलं की हो, एकाच गावचे, आणि आमच्या गावात ते आता फक्त माझ्या बहिणीच्या आठवणीत शिल्लक आहे. एखादी जागा रिकामी होताना आमच्या बापाने पाहिलीय. ही सपाटी रिकामी होतेय, ते मी पाहिलं, म्हणून सांगितलं. एवढं बोलून खाली बसलो.

बाहेर आलो तर डेसची यूट नव्हती. त्या खात्याच्या बाईने मला घरापर्यंत सोडलं. ती काही बोलली असेल, मला आठवत नाही. त्या शनिवारी मी सवयीने बूट घालून फाटकापाशी उभा राहिलो. यूट आली, वळणावर जरा हळू झाली, आणि पुढे गेली. कालच्या शनिवारी मी फाटकापाशी गेलो नाही.

जेवतो वेळेवर. काळजी करू नकोस असं लिहिलं तर तू जास्त करशील, म्हणून हवी तेवढी कर.

तुझा,
आल्फ्रेड


क्वेकर्स हिल,
५ मे २०२४

चि. आल्फ्रेड यास,
अ. आ. वि. वि.

तू बरोबर केलंस असं मी लिहिणार नाही, आणि चुकलास असंही नाही. तुझं पत्र मी कॅसँड्राला इंग्रजीत करून सांगितलं. फाटकाशी आले तेव्हा मला पुढे वाचवेना. ती उठून माझ्याजवळ बसली, आणि या वेळी तो कॉम्प्लिकेटेडवाला शब्द वापरला नाही.

ग्रॅहमच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस असं म्हणणं सोपं आहे. मला लागलंय. सव्वीस वर्षं या देशात कर भरला, मुलं वाढवली, इथल्या मातीत रोझलिनला ठेवलं. आपलीही माणसं आता इथे पुरलेली आहेत, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. तू सांगितलं नाहीस. बरंच केलंस, तिचं नाव त्या हॉलमध्ये नको.

हेलिकॉप्टर यायचं ठरलं तर कधी ते कळव. त्या दिवशी मी चर्चमध्ये बसेन. सांबरांसाठी प्रार्थना करतात का, ते फादरना विचारणार नाही, उगाच हो-नाही करतील.

आणि ऐक. युनीला सुट्टी लागली की कॅसँड्रा मला तुझ्याकडे गाडीने आणणार आहे. नको म्हणू नकोस, तिने स्वतःहून ठरवलंय. तिला ती सपाटी बघायचीय, मला तुझं तोंड. तोवर चुलीवर काहीतरी शिजवत जा, नुसता ब्रेड नको.

हात डोक्यावर आहे असं समज.

तुझी बाय,
ॲग्नेस


टकर्स क्रीक,
२३ जून २०२४

प्रिय बायस,
आल्फ्रेडचा स. न. वि. वि.

लिहायला उशीर झाला. या महिन्यात इथे बरंच घडलं.

खात्याने ठरवल्याचं मी कुंपणावर चढून वेस्लीला फोनवर कळवलं होतं, तशी महिन्याच्या सुरुवातीला हेलिकॉप्टर आली. डोंगराचे सगळे रस्ते बंद केले होते. पहिल्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. दारावर थाप पडली. डेस होता, बरोबर कुत्रा. सभेनंतर तो माझ्या दारात पहिल्यांदाच आला. म्हणाला की कुत्रा गोळीबाराच्या आवाजाला घाबरतो, एकटा राहत नाही. तो शिकारी कुत्रा आहे, बाय, बंदुकीच्या आवाजात वाढलेला. मी दुसरा कप काढला.

दिवसभर तो तिथेच बसून होता. आवाज लांबून यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मधेच तो म्हणाला की एवढं मांस. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुपारी मी भात आणि डाळ केली, तिखट जरा कमी, त्याने जेवून ताटली धुतली. जाताना म्हणाला की सभेत त्याला उत्तर माहीत होतं. ओढा आटला तेव्हाच त्याला कळलं होतं की वर काय झालं असणार. पण त्याच्या बापाची ती जागा होती आणि आपल्या जिवंतपणी ती गेली हे त्याला बघायचं नव्हतं. मी त्याला फाटकापर्यंत सोडून आलो. मी तर तिथे चार वर्षांचा पाहुणा.

दुसऱ्या दिवशी तो कुत्र्याशिवाय आला.

रस्ते उघडल्यावर त्याने मला वर न्यायला सांगितलं. जिथवर जाते तिथवर यूट नेली, पुढे माझ्या खांद्याला धरून तो चढला. ठिकठिकाणी मेलेली जनावरं होती, त्याबद्दल तुला लिहीत नाही. तू चर्चमध्ये होतीस ते बरं. सपाटीच्या कडेला पोचल्यावर तो थांबला. त्याने खड्डे पाहिले, पाट पाहिले, आणि एका जागी खाली बसून हाताने उरलेलं शेवाळ दाबलं. पाणी वर आलं, त्याने ते तोंडाला लावलं. मी दुसरीकडे बघत राहिलो.

परत येताना त्याने सांगितलं की हेलिकॉप्टर दर वर्षी येणार नाहीत, आणि यायला लागू नयेत असं वाटत असेल तर उरलेल्या माद्या आपल्यालाच मारायला हव्यात. आणि मारलेलं सगळं खाली आणायचं, काही सोडायचं नाही. ग्रॅहम आणि इतर दोघं-तिघं अजून माझ्याशी बोलत नाहीत. काही जण दुकानात मान हलवतात. एक जण डेसला विचारून गेला की माद्या मारायला तोही येऊ का. हे असंच हळूहळू होईल किंवा होणार नाही. ओढा अजून कोरडा आहे. शेवाळ परत धरायला, खात्याच्या बाईच्या म्हणण्याप्रमाणे, माझं आयुष्य पुरणार नाही. कॅसँड्राचं पुरेल.

काल आम्ही पहिल्यांदा त्या कामाला गेलो. ही गोष्ट तुला सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं व्हायचं नाही. उतारावर एक मादी एकटी उभी होती, वारा आमच्या बाजूचा, तिला आमची चाहूल नव्हती. डेसची नजर आता अधू झालीय, म्हणून गोळी मी घालायची असं ठरलं होतं. तू सांगितलंस तसेच तिचे कान हलत होते. मी खूप वेळ घेतला. डेसने घाई केली नाही. गोळी लागली आणि ती जागेवर बसली, पुढे पळाली नाही. मग मला रायफलमध्ये उरलेली गोळी काढायचं सुचेना. डेसने रायफल माझ्या हातातून घेतली, गोळी काढली, आणि ती बाजूला ठेवली. तो गार मातीत त्याच्या त्या गुडघ्यावर बसला आणि सोलण्या-कापण्याचं सगळं काम त्यानेच केलं. मी नुसता धरायला होतो. शिंगं नव्हती, त्यामुळे फोटो काढायचा प्रश्नच आला नाही. तीन खेपा करून सगळं मांस आम्ही यूटपर्यंत आणलं.

मला त्यात अभिमान वाटला नाही आणि लाजही वाटली नाही. दमलो होतो. तुला यातलं काय पटेल आणि काय पटणार नाही हे मी ठरवत नाही. तू आलीस की सपाटी दाखवीन, मग आपण बोलू.

संध्याकाळी त्याने मला फाटकापाशी सोडलं. मी उतरलो तरी तो निघाला नाही. काच खाली केली आणि म्हणाला की शनिवारी जरा लवकर तयार राहा, ऊन चढलं की त्या उतारावर वारा फिरतो. मी बरं म्हटलं. तो गेल्यावर मी बराच वेळ फाटक लावायला विसरलो.

गाडी सावकाश चालवायला सांग कॅसँड्राला, वळणं फार आहेत. तुमच्यासाठी पुढची खोली झाडून ठेवली आहे. माया घेऊन ये, बाकी इथे सगळं आहे.

तुझा,
आल्फ्रेड